रात्रीच्या गप्पांना काटकसरीची कात्री

१७ जुलै २०२५, गुरुवार. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवरील एड सुलिव्हन थिएटरमध्ये नेहमीप्रमाणे प्रेक्षक जमले होते. ‘द लेट शो’चे चित्रीकरण होते. सूत्रसंचालक स्टीफन कोल्बर्ट पुढे आला आणि आदल्या रात्री स्वतःला कळलेली बातमी त्याने प्रेक्षकांना सांगून टाकली. सीबीएस ही वाहिनी हा कार्यक्रम मे २०२६ मध्ये बंद करणार होती. प्रेक्षकांनी हुर्यो केली. आपल्यालाही तसेच वाटते, असे कोल्बर्ट म्हणाला. मग त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. त्याला काढून दुसऱ्या कुणाला आणले जात नव्हते. खुर्चीच मोडीत निघत होती. त्यानंतर त्याने आभार मानले ते या कार्यक्रमासाठी रोज राबणाऱ्या सुमारे दोनशे माणसांचे.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्र आले ते अर्थातच कोल्बर्टचे. त्या दोनशेंची नावे कुठे छापून आली नाहीत. छापून येण्यासारखी ती नव्हतीच म्हणा. विनोद लिहिणारे, पाहुण्यांच्या तारखा जुळवणारे, रंगभूषा करणारे, कपड्यांना इस्त्री करणारे, दिवे लावणारे, सुतारकाम करणारे, चित्रफिती जोडणारे, प्रेक्षकांना रांगेत उभे करणारे. पडदा उजळतो तो या माणसांच्या जिवावर आणि काटकसरीची कात्री चालते तीही आधी यांच्यावरच.

आपल्याकडे रात्री उशिराच्या गप्पांची ही चाल तशी नवीच. मुंबई दूरदर्शनवर तबस्सुम यांनी १९७२ पासून वीसेक वर्षे ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मधून चित्रपट कलावंतांना बोलते केले. पण तो मामला घरगुती, सोज्वळ मुलाखतींचा होता. अमेरिकी धाटणीचा कार्यक्रम भारतीय प्रेक्षकांना पाहायला मिळाला तो १९९७ साली, सोनी वाहिनीवर. शेखर सुमनचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’. उभ्याने राजकारण्यांची टोपी उडवायची, बाजूला वाद्यवृंद, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा. हा सगळा थाट मूळचा अमेरिकेचा.

तिथे त्याची सुरुवात १९५४ साली झाली. एनबीसी वाहिनीवर स्टीव्ह ॲलनने ‘द टुनाइट शो’ सुरू केला. पुढे १९६२ ते १९९२ अशी तब्बल तीस वर्षे जॉनी कार्सनने तो गाजवला. स्थानिक बातम्या संपल्या की झोपण्यापूर्वी कार्सनला पाहायचे, ही लाखो घरांची सवय झाली होती. त्याच्यानंतर ती जागा जे लेनोकडे गेली. ती जागा आपल्यालाच मिळणार असे धरून चाललेला डेव्हिड लेटरमन रुसून सीबीएसकडे गेला आणि १९९३ साली त्याने ‘द लेट शो’ सुरू केला. त्याच्यासाठी सीबीएसने एड सुलिव्हन थिएटर विकतच घेतले. २०१५ साली लेटरमन निवृत्त झाला आणि कोल्बर्ट त्याच्या जागी आला.

रात्रीचा कार्यक्रम, दिवसाचे काम

हे कार्यक्रम रात्री साडेअकराच्या पुढे दिसत असले तरी रात्री होत नाहीत. चित्रीकरण होते संध्याकाळी, कचेऱ्या सुटायच्या वेळी. सकाळी लेखक जमतात. ताज्या बातम्यांवर विनोद लिहू लागतात. लिहिलेल्यांपैकी बहुतेक दुपारपर्यंत टोपलीत जातात. दुपारी तालीम होते. तालमीत न हसवलेला विनोद गळतो, त्याच्या जागी दुसरा येतो. दरम्यान कुणीतरी दोन तासांत बनावट वर्तमानपत्र छापून आणते, कुणी कोंबडीचा पोशाख पैदा करते. सेठ मायर्सच्या कार्यक्रमाने तर यंत्राच्या जमान्यातही मोठ्या पुठ्ठ्यांवर हाताने ओळी लिहून कॅमेऱ्याशेजारी धरण्याची पद्धत सोडली नाही. ऐन वेळी वाक्य बदलले तर पुठ्ठ्यावर चिकटपट्टी लावून नवे शब्द लिहायचे. एवढे करून कार्यक्रम रात्री दिसतो आणि सकाळी शिळा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी कोरी.

असा धंदा कमी माणसांत होत नाही. मालिकेचे भाग आधी चित्रित करून ठेवता येतात, चित्रपट एकदा काढला की वर्षानुवर्षे दाखवता येतो. कालचा विनोद मात्र परवा कुणी पाहत नाही. म्हणजे खर्च रोजचा आणि माल नाशवंत. भाजीवाल्याचे गणित म्हणा ना!

जोवर जाहिरातदार रांग लावून उभे होते तोवर हे गणित उत्तम सुटत होते. कार्सनच्या काळात घरोघरी मोजक्या तीन मोठ्या वाहिन्या दिसायच्या. रात्री जागणाऱ्याला दुसरे होते काय? पुढे केबल आली, मग इंटरनेट, मग घरबसल्या हवे तेव्हा हवे ते दाखवणाऱ्या सेवा. आता कोल्बर्टचा विनोद ऐकायचा तर रात्री जागायचीही गरज उरली नाही. सकाळी चहा घेता घेता यूट्यूबवर पाच मिनिटांचा तुकडा पाहता येतो. तो तुकडा लाखो लोक पाहतात, पण त्यावर मिळणारे जाहिरातीचे पैसे टीव्हीवरच्या पैशांच्या पासंगालाही पुरत नाहीत. जाहिरातींचा हिशेब ठेवणाऱ्या एका कंपनीच्या आकडेवारीनुसार, मोठ्या वाहिन्यांवरील रात्रीच्या या कार्यक्रमांना २०१८ साली मिळून सुमारे ४४ कोटी डॉलरच्या जाहिराती मिळत होत्या. २०२४ साली तो आकडा २२ कोटींवर आला. सहा वर्षांत निम्मे उत्पन्न बुडाले.

आधी बँडवाले

उत्पन्न घटले की घरातली बाई आधी काय कमी करते? दूध नाही, पोरांची फी नाही. सिनेमा आणि बाहेरचे खाणे. वाहिन्यांच्या हिशेबनिसांनी ‘सिनेमा’ या सदरात टाकले ते वादकांना.

कार्सनच्या कार्यक्रमात डॉक सेव्हरिन्सनच्या हाताखाली चांगला भरभक्कम वाद्यवृंद होता. १९९२ साली कार्सन गेला, त्याच्याबरोबर तो वाद्यवृंदही गेला. लेनोकडे त्याहून आटोपशीर बँड आला. कोनन ओब्रायनने टीबीएस वाहिनीवरील आपला तासाचा कार्यक्रम जानेवारी २०१९ पासून अर्ध्या तासावर आणला, तेव्हा टेबल गेले आणि बँडही गेला. २०२४ साली पाळी आली सेठ मायर्सच्या ‘एट-जी बँड’ची. हा बँड त्याच्या कार्यक्रमात २०१४ पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासून होता. पैसे पुरत नाहीत म्हणून थेट वादन थांबले. त्याच वर्षी जिमी फॅलनच्या ‘टुनाइट शो’चे नवे भाग आठवड्यातून पाचऐवजी चारच रात्री होऊ लागले. शुक्रवारी जुनेच भाग.

घरी बसलेल्या प्रेक्षकाला यात फारसे काही गेल्यासारखे वाटत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याला बँड ऐकू यायचा तो जेमतेम काही सेकंद, जाहिरात सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. पण थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांसाठी जाहिरातींच्या वेळातही वाजवत राहणारा, त्यांना पेंगू न देणारा बँडच होता. हसू पिकायला आधी हवा तापावी लागते. तमाशाचा फड ज्याने पाहिला आहे त्याला ढोलकीवाला काय काम करतो हे समजावून सांगायला नको.

मोठी नोकरकपात गाजली ती ऑगस्ट २०१२ मध्ये. जे लेनोचा ‘टुनाइट शो’ तेव्हा आपल्या वेळेतला सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम होता. तरीही वीसहून अधिक कर्मचाऱ्यांच्या हाती नारळ देण्यात आला. एनबीसीची मालकी त्याआधीच्या वर्षी कॉमकास्ट या बड्या केबल कंपनीकडे गेली होती आणि नव्या मालकाने प्रत्येक खात्याचा खर्च तपासायला घेतला होता. आणखी माणसे जाऊ नयेत म्हणून लेनोने स्वतःच्या मानधनात मोठी कपात मान्य केली. शिवाय आपल्या निवेदनात त्याने मालकांची यथेच्छ टिंगलही केली. पहिल्या क्रमांकाच्या कार्यक्रमातून माणसे काढली जातात, याचा धसका मात्र सगळ्याच कार्यक्रमांतल्या लोकांनी घेतला असणार.

पदरमोड

लेनोने केले ते अगदीच अपवादात्मक नव्हते. या धंद्यात सूत्रसंचालकाने स्वतःच्या खिशात हात घालण्याची एक परंपराच पडून गेली आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील चित्रपट-टीव्ही लेखकांनी संप पुकारला. तो शंभर दिवस चालला. लेखक नाहीत म्हणजे विनोद नाहीत, विनोद नाहीत म्हणजे कार्यक्रम नाही. संपावर नसलेले सुतार, कारकून, साहाय्यकही त्यामुळे बेकार झाले. कोनन ओब्रायनने तेव्हा आपल्या जवळपास ऐंशी कर्मचाऱ्यांचे पगार स्वतःच्या खिशातून दिले. लेटरमनच्या कार्यक्रमाची मालकी त्याच्या स्वतःच्याच कंपनीकडे होती. तिनेही वर्षअखेरपर्यंत आपल्या माणसांचे पगार चालू ठेवले.

ओब्रायनची पुढची हकिकत अधिक चटका लावणारी आहे. २००९ साली तो ‘टुनाइट शो’चा सूत्रसंचालक झाला. त्यासाठी त्याच्याबरोबर त्याची बरीच माणसे न्यू यॉर्कमधले बिऱ्हाड मोडून लॉस एंजेलिसला गेली. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. नवी घरे, मुलांच्या नव्या शाळा. सात-आठ महिन्यांतच वाहिनीने वेळेचा घोळ घातला आणि जानेवारी २०१० मध्ये ओब्रायनला बाहेर पडावे लागले. तडजोडीत एनबीसीने साडेचार कोटी डॉलर मोजले. त्यातले सुमारे सव्वा कोटी कर्मचाऱ्यांसाठी होते. वाटाघाटी अडल्या होत्या त्या बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.

उत्पन्नाला दुसऱ्याने कात्री लावली की पंगतीतल्या शेवटच्या पानाचे काय, हा प्रश्न न्यू यॉर्कचा किंवा आजचा नव्हे. मराठी माणसाला यासाठी तंजावरकडे पाहता येईल. १७९९ सालच्या तहाने सरफोजी राजांचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. राजांना ठरावीक तनखा आणि महसुलातला पाचवा हिस्सा तेवढा उरला. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. त्यांचे उत्पन्नही जाणार अशी धास्ती निर्माण झाली. तेव्हा २८ जानेवारी १८०१ रोजी राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिले. त्यात छत्रांत काय काय चालते ते त्यांनी बारकाईने सांगितले आहे. वेद शिकवणारे, शाळामास्तर, सर्पदंशावर उपचार करणारे वैद्य, अनाथ मुलांना चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणे, बाळंतिणीला तीन महिने ठेवून घेणे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत साऱ्यांना जेवण. आणि मध्यरात्री घंटा वाजवून दवंडी पिटायची की कुणी उपाशी राहिले असेल तर या, तुमचा भात शिजला आहे. हा खर्च तोडू नका, एवढेच राजांचे मागणे होते. त्याच सुमारास त्याच वाटेवर, तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडु येथे, त्यांनी मुक्तांबेच्या नावाने आणखी एक छत्र उभारले. उत्पन्न कमी झाल्यावर!

१८५५ साली शेवटचे राजे शिवाजी वारले, पुत्र नव्हता, आणि राज्य खालसा झाले. दरबाराच्या आश्रयाने जगणारे गवई, वादक, नर्तकी पोटासाठी मद्रास, त्रावणकोरसारख्या ठिकाणी पांगले. दरबाराचे दप्तर दुसऱ्याच्या हाती गेले की वाजवणाऱ्याला गाव सोडावे लागते, हे तिथेही खरे ठरले. महाराष्ट्रात तेच नाटक कंपन्यांचे झाले. गंधर्व नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात नटांइतकीच पडदेवाले, आचारी, साजिंदे यांची पाने मांडली जात. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गंधर्व मंडळींचा गाशा गुंडाळला गेला. बालगंधर्वांना ‘प्रभात’ने बोलावले. आचाऱ्याला कोण बोलावणार?

पाच प्रतिस्पर्धी एका टेबलाभोवती

२ मे २०२३ रोजी अमेरिकी लेखकांनी पुन्हा संप केला. रोज नवा मजकूर लागणारे रात्रीचे कार्यक्रम पहिल्याच रात्री बंद पडले. या वेळी संप जवळपास पाच महिने चालला, १४८ दिवस. सूत्रसंचालकांनी पुन्हा पदरमोड सुरू केली. जिमी किमेलने पुढे सांगितले की, बेन ॲफ्लेक आणि मॅट डेमन या दोघा नटांनी त्याच्या कर्मचाऱ्यांचे पगार देण्याची तयारी दाखवली होती. त्याने ती नम्रपणे नाकारली.

पण श्रीमंत माणसाचा खिसा झाला तरी तो किती दिवस पुरणार? तेव्हा एक नामी युक्ती निघाली. कोल्बर्ट, फॅलन, किमेल, मायर्स आणि जॉन ऑलिव्हर हे पाचही जण संपाच्या काळात एकमेकांची चौकशी करायला जमत. त्याच गप्पा ध्वनिमुद्रित करून ऐकवायच्या आणि जाहिरातींचे पैसे आपापल्या कर्मचाऱ्यांना द्यायचे, असे ठरले. ३० ऑगस्ट २०२३ पासून ‘स्ट्राइक फोर्स फाइव्ह’ या नावाने त्या ऐकायला मिळू लागल्या. यातले तिघे एरवी एकाच वेळी तीन वाहिन्यांवर उभे राहून एकमेकांचे प्रेक्षक पळवत. एका बाजारपेठेतल्या तीन मिठाईवाल्यांनी कारागिरांसाठी मिळून एक दुकान टाकावे, तसाच हा प्रकार.

सप्टेंबरअखेर संप मिटला, कार्यक्रम सुरू झाले. जाहिराती मात्र परतल्या नाहीत. सीबीएसचा रात्री साडेबारानंतरचा ‘द लेट लेट शो’ जेम्स कॉर्डनच्या निरोपाबरोबर एप्रिल २०२३ मध्येच संपला होता. त्या जागी वाहिनीने जानेवारी २०२४ मध्ये कमी खर्चाचा ‘आफ्टर मिडनाइट’ आणला. तोही जून २०२५ मध्ये आटोपला. उलट फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्डचा कार्यक्रम बघा. थोडे आधीच्या वेळेला चार-पाच जण खुर्च्यांवर बसून गप्पा मारतात. वाद्यवृंद नाही, फारसा बडेजाव नाही, आणि २०२५ च्या मध्याला प्रेक्षक सुमारे तीस लाख. कोल्बर्ट आपल्या वेळेत पहिला होता, त्याचे प्रेक्षक चोवीस लाखांच्या आसपास. वाहिन्यांचे हिशेबनीस हे आकडे पाहून काय विचार करत असतील ते सांगायला नको.

म्हणजे कोल्बर्टचा कार्यक्रम निव्वळ पैशांपायी गेला का? सीबीएसचे म्हणणे तसेच आहे. हा पूर्णपणे आर्थिक निर्णय आहे, असे वाहिनीने जाहीर केले. कार्यक्रमाचा वर्षाचा खर्च दहा कोटी डॉलरच्या वर आणि तोटा चार कोटींच्या घरात, अशा बातम्या पाठोपाठ आल्या. पण लोकांना संशय आला, त्यालाही कारण होते. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने ट्रम्प यांच्याशी एक दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला होता. कोल्बर्टने १४ जुलैच्या कार्यक्रमात त्याला चक्क लाच म्हटले. तिसऱ्या दिवशी कार्यक्रम बंद होणार असल्याची बातमी आली. पॅरामाउंट त्या वेळी स्कायडान्स कंपनीत विलीन व्हायच्या बेतात होती आणि सरकारी मंजुरीची वाट पाहत होती. मंजुरी २४ जुलैला मिळाली. चार कोटींच्या आकड्यावर किमेलने जाहीरपणे अविश्वास दाखवला. केबल कंपन्या आणि स्थानिक केंद्रांकडून वाहिनीला मिळणारे शुल्क या हिशेबात धरलेलेच नाही, असा त्याचा मुद्दा होता.

खरे काय ते सीबीएसच्या वह्या उघडल्याशिवाय कळणार नाही. जाहिराती आटल्या आहेत हे खरेच, आणि तोट्यातला माणूस नकोसा झाला की तोटा अधिक ठळक दिसू लागतो हेही खरेच. पण एरवीची रीत वेगळी होती. आधी बँड, मग शुक्रवार, मग थोडी माणसे. इथे पायरी पायरीने उतरणे झाले नाही. आकड्यांनी पहिला असलेला कार्यक्रम एकदम मुळासकट उपटायचे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कार्यक्रमाला उत्कृष्ट गप्पांच्या कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मिळाला. पारितोषिक घ्यायला सगळी मंडळी व्यासपीठावर गेली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

एक मात्र म्हणायला हवे. दहा महिन्यांची आगाऊ सूचना या धंद्यात पुष्कळ झाली. २०१२ साली लेनोकडच्या माणसांना तेवढी सवड कुठून मिळणार? कोल्बर्टकडच्यांना निदान मुलांचे शाळेचे वर्ष पुरे करता येणार होते. दुसरीकडे अर्ज करावा, तर तिथेही तेच. चार रात्रींचा आठवडा आणि बँडवाल्यांची रिकामी जागा.

२१ जुलै २०२५, सोमवार. बातमी फुटल्यानंतरचा ‘द लेट शो’चा पहिला नवा भाग. त्यात एका विनोदी प्रसंगासाठी कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. प्रेक्षकांत जिमी फॅलन बसला होता, त्याच्याशेजारी सेठ मायर्स. पलीकडे जॉन ऑलिव्हर आणि जॉन स्टुअर्ट. दुसऱ्या वाहिन्यांचे हे सूत्रसंचालक त्या संध्याकाळी तिकीटधारक प्रेक्षकांसारखे कोल्बर्टच्या थिएटरात खुर्च्यांवर बसून होते.